सोळाव्याचा सातवा

आमच्या वर्तमानपत्रात क्रीडा पान लावायचं काम मी अकरा वर्षं केलं. त्यातली नऊ वर्षं माझं टेबल आकडेताईंच्या टेबलाला चिकटून होतं. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल, पण ते कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. शिपायापासून संपादकांपर्यंत सगळे आकडेताईच म्हणत, आणि फोन उचलून त्या स्वतःसुद्धा "हां, आकडेताई बोलतेय" असंच म्हणायच्या.

फुटबॉल लीगच्या प्रत्येक सामन्याची नोंद ठेवायची, हे त्यांचं काम. गोल कुणी केला, कितव्या मिनिटाला, गोलवर किती फटके गेले, किती अडले, कोण लंगडत बाहेर गेला. लांबट वह्यांमध्ये पेन्सिलीनं लिहायच्या. कॉम्प्युटरवरही सगळं भरायच्या, पण विश्वास वहीवर. चष्मा नाकाच्या टोकावर, केसांत खोचलेली दुसरी पेन्सिल, आणि ती सापडत नाही म्हणून रोज एकदा तरी आरडाओरडा.

वर्षातून एकदा मात्र रविवारच्या पुरवणीतलं अख्खं पान त्यांचं असायचं. हंगाम सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी यायचं ते. नाव होतं 'कोण चढणार, कोण घसरणार'. लीगमधले अठरा संघ, पहिल्यापासून अठराव्यापर्यंत, प्रत्येकापुढे वर किंवा खाली बाण आणि दोन ओळींत कारण. तळाचे तीन संघ दरवर्षी खालच्या लीगमध्ये ढकलले जातात, म्हणून लोक ते पान खालून वर वाचायचे. चौदा वर्षं आकडेताईंनी ते लिहिलं, आणि तळाच्या तिघांपैकी निदान दोघं त्यांनी दरवर्षी बरोबर सांगितले होते. क्लबांचे मालक ते पान कापून ठेवतात, असं आमचे बातमीदार सांगायचे.

"गुण बघू नकोस रे," त्या मला शिकवायच्या. "गुण लबाड असतात. जिंकले कसे ते बघ. एका गोलनं जिंकणं हे कौशल्य नाही, निम्मं नशीब आहे. यंदा चेंडू खांबाला लागून आत गेला, पुढच्या वर्षी तोच खांबाला लागून बाहेर जाणार. आणि वय बघ. गुडघे खोटं बोलत नाहीत."

हे सगळं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ नऊ वर्षांनी लहान. शाळेच्या संघात खेळायचा, गोलकीपर होता. आई नव्हती, वडील पाळीवर, म्हणून त्याला मैदानावर न्यायचं-आणायचं ताईंकडे. गोलच्या मागे उभं राहून करणार काय? एकदा सामना संपल्यावर त्यानं विचारलं, "ताई, माझ्याकडे बॉल किती वेळा आला?" यांना सांगता आलं नाही, आणि तो घरी येईपर्यंत रुसून बसला. पुढच्या सामन्यापासून यांच्या हातात वही आली. दोघं जेवताना त्या वहीवर बोलायचे. लग्न त्यांनी केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही.

भाऊ पुढे बारा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळला, खांदा निखळल्यावर थांबला, आणि मग कोच झाला. लहान संघ, त्याहून जरा मोठा संघ, असं करत शेवटी वरच्या लीगमधल्या आमच्याच शहरातल्या क्लबनं त्याला घेतलं. त्या क्लबचे मालक टायरच्या कारखान्यावर मोठे झालेले. पैसा सोडताना शंभरदा विचार करणारे, पण सामना हरला की टेबलावर मूठ आपटणारे.

भाऊ कोच झाल्यावर संपादकांनी ताईंना एकदा विचारलं होतं, की त्या एका संघाचं भाकीत दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ का. ताई म्हणाल्या, "का? मी त्याला दहावीच्या गणितातही सूट दिली नव्हती." आणि खरंच, पहिल्या वर्षी त्यांनी त्याला नववा लिहिला, तो दहावा आला. दुसऱ्या वर्षी अकरावा लिहिला, आणि तो आला पाचवा. क्लबच्या इतिहासात एवढ्या वर कुणी गेलं नव्हतं. त्या दिवशी तो मिठाईचा डबा घेऊन आमच्या कचेरीत आला, ताईंच्या खुर्चीवर बसून गोल फिरला, आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमच्या आकडेताईंना आम्ही तोंडावर पाडलं बरं का!" ताई हसत होत्या. इतक्या खूश मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

त्यानंतर त्या वह्या उघडून तिसऱ्या वर्षाचं पान लिहायला बसल्या, आणि त्यांचं हसू मावळलं.

चौदा विजय. त्यातले अकरा एका गोलनं. अख्ख्या हंगामात केलेले गोल अडतीस, खाल्लेले सदतीस. म्हणजे पाचव्या नंबरच्या संघाची वर्षभराची कमाई एक गोल. समोरचे संघ दर सामन्यात यांच्या गोलवर पंधरा फटके मारत होते आणि हे नऊ. गोलकीपरनं सहापैकी पाच पेनल्टी अडवल्या होत्या. ते कुणाला दोनदा जमत नाही. अकराच्या अकरा मुख्य खेळाडू वर्षभर धडधाकट, आणि सरासरी वय एकतीस. बचावफळीतले दोघे तर तेहतीस-चौतिशीचे.

बुधवारी सकाळी त्यांनी मला पानाचा मजकूर दिला. मी खालून वाचायला लागलो. अठरावा, सतरावा, आणि सोळाव्या जागी भावाचा संघ. खाली तोंड केलेला बाण. 'गेल्या वर्षी नशिबानं भरभरून दिलं. दोन तरणे बचावपटू आणि एक भरवशाचा राखीव गोलकीपर घेतल्याशिवाय हा संघ टिकणार नाही.'

मी मान वर केली. त्या खिडकीकडे बघत होत्या.

"ताई, एवढा खाली?"

"मी तीनदा मांडलं रे. तिन्ही वेळा सोळावाच."

दुपारी त्या जेवायला घरी गेल्या. घर कचेरीपासून दहा मिनिटांवर. तिथे भाऊ दारात उभा होता. मजकूर दिला की त्या भावाला आधी सांगतात, हे त्याला ठाऊक होतं. तो फोनची वाट न बघता आला होता. पुढे काय झालं ते ताईंनी मला बऱ्याच दिवसांनी, तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं.

त्यानं उभ्या-उभ्याच विचारलं, "कितवा?"

"सोळावा."

तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. बराच वेळ पाण्याचा पेला हातात नुसता फिरवत होता.

"चूक आहे असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "मलाही दिसतंय ना. सरावाला त्या दोघांचे पाय वळत नाहीत. मी मालकांकडे तीन खेळाडू मागितलेत."

"मग बरं झालं. माझ्या पानानं तुला जोर येईल."

"ताई, तू मालकांना ओळखत नाहीस. ते सगळ्यांना सांगत फिरतायत की यंदा पहिल्या चारात. तुझं पान त्यांच्या घरी नाश्त्याला वाचतात. सोळावा बघितला की त्यांचं डोकं फिरणार, आणि ते कुणावर? माझ्यावर. खेळाडू नाही बदलणार, कोच बदलतील. तो स्वस्त पडतो." मग त्यानं पेला खाली ठेवला. "आणि पोरं वाचतात गं. माझा गोलकीपर आताच रात्ररात्र झोपत नाही."

"मी खोटं लिहू?"

"खोटं कुठे? अंदाजच आहे ना तो? दे थोडा वर. मालक खूश राहिले की त्यांचा हात सैल सुटतो, मला माहितीये. मला तेवढे तीन खेळाडू मिळू देत, मग बघ, तुझा अंदाज मीच खरा करून दाखवतो." आणि मग म्हणाला, "पोरीची शाळा बदलायची तिसरी वेळ येईल ताई. ती विचारते, बाबा, आता इथेच राहायचं ना."

त्यानं यापूर्वी ताईंकडे काही मागितलं नव्हतं. लहानपणी बूट फाटले तरी मागायचा नाही, म्हणे, अंगठा बाहेर आलेला दिसायचा तेव्हा कळायचं.

चारच्या सुमारास त्या परत आल्या आणि माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. "सकाळचा कागद दे रे. एक चूक राहिलीय."

मी दिला. त्यांनी त्याचे चार तुकडे केले, आठ केले, आणि पर्समध्ये टाकले. दुसरा कागद दिला. भावाचा संघ सातवा. 'गेल्या वर्षाइतकं नशीब लाभणार नाही, पण अनुभवाच्या जोरावर गुणतक्त्याच्या मध्यावर सहज टिकेल.' ज्यांना त्यांनी सातव्यापासून पंधराव्यापर्यंत ठेवलं होतं ते सगळे एकेक पायरी खाली सरकले होते, आणि एक निरपराध संघ सोळावा झाला होता.

मी कागद बघितला, त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली. मी काही बोललो नाही आणि पान लावलं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे सगळं त्यांच्या एकट्यांच्या माथी आलं.

पान छापून आल्यावर बाराव्या दिवशी शुक्रवार होता. त्या दिवशी दुपारी चार वाजता खेळाडूंची नोंदणी बंद होणार होती. त्यानंतर कुणालाही नवा माणूस घेता येत नाही. दहा वाजता ताईंचा फोन वाजला. भाऊ होता. त्याचा आवाज मला शेजारच्या टेबलावर ऐकू येत होता. तो ओरडत नव्हता, पण श्वास लागल्यासारखं बोलत होता.

"तिन्ही नावं कापली ताई. तिन्ही. तुझं पान टेबलाच्या काचेखाली ठेवलंय त्यांनी. मला बोट ठेवून दाखवलं. म्हणाले, तुमच्या सख्ख्या बहिणीला तुम्ही सातवे दिसताय, आहे त्या माणसांवर. आणि त्या बाई उगाच कुणाची भलामण करत नाहीत. मग माझे पैसे कशाला जाळता?"

ताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "मी जाते त्यांच्याकडे. खरं काय ते सांगते."

"नको! अजिबात नको. तू गेलीस तर माझं उरलंसुरलं पण जाईल. ऐकतेयस ना?"

फोन ठेवला.  मग कपाट उघडून त्या वर्षीची वही काढली, छातीशी धरली, आणि माझ्याकडे आल्या.

"चल माझ्याबरोबर. तू सोळावा बघितला होतास. कागद मी फाडला, पण तू बघितला होतास. एवढंच सांग त्यांना."

मी म्हणालो, "ताई, दोन वाजता पुरवणी सोडायचीय."

ते खरंही होतं. पण कुणालाही सांगून जाता आलं असतं. मला भीती वाटली ती वेगळीच. मी मालकांपुढे ते बोललो असतो, म्हणजे आमच्या पानात खोटं छापलं हे मला आधीपासून माहीत होतं, असं झालं असतं. ते संपादकांपर्यंत गेलं असतं. माझी नोकरी नवी नव्हती, पण पक्कीही नव्हती. ताई माझ्याकडे क्षणभर बघत राहिल्या. मग "बरं" म्हणून एकट्याच गेल्या.

टायरच्या कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर मालकांची कचेरी. बाहेरच्या खोलीत रबराचा वास, भिंतीवर चषकांचे फोटो. ताई पावणेबाराला पोचल्या. मालक मीटिंगमध्ये होते. एक वाजला. मग जेवायला गेले. दोन वाजले. ताई त्या कडक खुर्चीवर वही मांडीवर घेऊन बसलेल्या. मालकांच्या सेक्रेटरीबाईला त्यांनी चारदा सांगितलं, "पाच मिनिटंच, पण चारच्या आत." पावणेतीनला आत बोलावलं.

त्यांनी वही टेबलावर उघडून ठेवली आणि सांगून टाकलं. "मी खोटं लिहिलं. तुमचा संघ सोळावा आहे. हे बघा अकरा विजय एका गोलनं. हे वय. हे फटके. त्याला ते तिघं द्या. नाहीतर तुम्ही खाली जाल."

मालकांनी वही बघितली, पण वाचली नाही. ते हसायला लागले.

"बाई, भावानं पाठवलं ना?"

"नाही. त्यानं जाऊ नकोस म्हणून सांगितलं."

"म्हणजे तुमचं बोलणं झालंय."

"झालंय, पण..."

"पान छापून आलं तेव्हा सातवा. मी पैसे नाही म्हटल्यावर, नोंदणी बंद व्हायला एक तास असताना, सोळावा. असं कसं हो?"

"वहीत बघा ना. तारीख आहे."

"पेन्सिलीनं लिहिलंय," मालक म्हणाले. "पेन्सिलीनं मी आज सकाळीही लिहीन."

ताईंनी हात जोडले. त्यांच्या आयुष्यात त्यांनी कुणापुढे हात जोडले असतील असं मला वाटत नाही. "तुम्ही मला खोटारडी म्हणा, मी आहेच. माझ्या पेपरला कळवा, माझी नोकरी घालवा. पण आकडे खोटे नाहीत. एक तरी खेळाडू द्या. निदान गोलकीपर."

मालकांनी घंटी वाजवली आणि सेक्रेटरीबाईला म्हणाले, "यांना रिक्षा बघून दे."

साडेतीनला त्या कचेरीत परत आल्या, वही कपाटात ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. चार वाजले, तसा त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत राहिल्या. बराच वेळ पुसत होत्या.

पाचला भावाचा फोन आला. या वेळी आवाज मोठा होता. "तू गेलीस. मी नको म्हणालो तरी गेलीस. मालकांना वाटतंय मी बहिणीला रडायला पाठवलं! आणि त्यांना जाऊन सांगितलंस काय, तर माझी टीम उतरणार? माझ्याच मालकाला?" ताई "अरे ऐक", "अरे ऐक ना" एवढंच म्हणत होत्या. मग तिकडून फोन बंद झाला.

हंगाम सुरू झाला. पहिले दोन सामने बरोबरीत सुटले. तिसरा ते एका गोलनं जिंकले, आणि ताई मला म्हणाल्या, "मी चुकले असेन रे. देवा, मी चुकलेलीच असू दे." चौदा वर्षं बरोबर येण्यासाठी धडपडणारी बाई रोज आपण चुकावं म्हणून प्रार्थना करत होती. चौथ्या सामन्यात गोलकीपरचं बोट मोडलं. राखीव गोलकीपर एकोणीस वर्षांचा, वरच्या लीगमध्ये कधी न खेळलेला. पाचव्यात त्यानं चार गोल खाल्ले. सातव्यात चौतिशीचा बचावपटू धावताना मांडी धरून खाली बसला, तो त्या वर्षी पुन्हा उठला नाही. गेल्या वर्षी एका गोलनं जिंकायचे, ते आता एका गोलनं हरायला लागले. तोच खेळ, तीच माणसं. एकदा शेवटच्या मिनिटाला चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. आकडेताई नोंद करत होत्या. पेन्सिल थांबली, आणि त्या उठून बाहेर गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या.

हे सगळं त्यांनाच लिहावं लागत होतं. दर आठवड्याला, मिनिटासकट. मी म्हणालो, "त्यांच्या सामन्यांची नोंद मी करतो." तर म्हणाल्या, "नको. मला माहीत होतं ना? मग मीच लिहिणार."

सतरा सामन्यांनंतर दोन विजय, पाच बरोबरी, दहा पराभव. अकरा गुण. ताई फोन करायच्या, भाऊ उचलायचा नाही. एकोणिसाव्या सामन्यानंतर मालकांनी त्याला काढलं. बातमी आमच्याच पानावर आली, चार ओळींची, आणि ती मीच लावली. नव्या कोचनंही काही फरक पडला नाही. संघ सतरावा आला आणि खाली गेला. क्लबातल्या निम्म्या लोकांना घरी बसवलं. तिकीट खिडकीवरचा माणूस, मैदान राखणारे दोघे, कपडे धुणाऱ्या बाया. ताईंना त्यातलं एकेक नाव माहीत होतं, कारण त्या प्रत्येकाकडून त्यांनी कधी ना कधी माहिती घेतली होती.

मग एके दिवशी दुपारी त्यांची भावजय कचेरीत आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. तिनं खुर्ची घेतली नाही.

"ताई, तुम्ही येऊन बघा एकदा. ते बोलत नाहीत. अंघोळ सांगितली तर करतात. दिवसभर तेच सामने लावून बसतात, मागे नेतात, पुन्हा बघतात. पोरीला म्हणाले, हा इथे माणूस असता तर. हा इथे माणूस असता तर. पोरगी घाबरली हो."

"तो मला दार उघडणार नाही गं."

"मला माहीत आहे," भावजय म्हणाली. मग आवाज चढवून म्हणाली, "पण तुम्ही दोघांनी मिळून केलंत ना हे? त्यांनी मागितलं आणि तुम्ही दिलंत. मला कुणी विचारलं होतं? मी असते तर सांगितलं असतं, सोळावा तर सोळावा, बांधा सामान. मला सामान बांधायची सवय आहे. हे असं बघायची नव्हती." आणि दोघीजणी माझ्यासमोर, टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहून रडल्या. मी उगाच कागद चाळत होतो.

त्यानंतर दर गुरुवारी ताई भावाच्या इमारतीत जायच्या. तिसरा मजला. भावजय दार उघडायची, आतून तो म्हणायचा, "कोण आहे? नको." मग ताई दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसायच्या. तासभर, कधी दोन तास. शेजारची माणसं आधी विचारायची, मग त्यांना ओलांडून जायला लागली. पोरगी बाहेर येऊन आत्याशेजारी बसायची आणि अभ्यासाची वही दाखवायची. आतून सामन्याचा आवाज यायचा, तोच समालोचक, तेच वाक्य, पुन्हा पुन्हा. ताईंना आवाजावरून कळायचं कुठला सामना, कितवं मिनिट.

अकराव्या गुरुवारी तो दारात आला. दाढी वाढलेली. म्हणाला, "मी मागितलं होतं. ते मला कळतं. पण तू नाही म्हणायचं होतंस. तू कधी सूट देत नाहीस ना? मग तेव्हा कशी दिलीस?"

 तो आत गेला, पण दार त्यानं लोटलं नाही.

पुन्हा पानाची वेळ आली. ताई संपादकांच्या खोलीत गेल्या, आणि या वेळी मीही मागोमाग गेलो. त्यांनी सगळं सांगितलं आणि एक कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं की गेल्या वर्षी एका संघाची जागा मी जाणूनबुजून खोटी लिहिली, तो माझ्या भावाचा संघ होता, वाचकांची माफी मागते. मी म्हणालो, "मला माहीत होतं. मूळ कागद मी वाचला होता." हे वाक्य एका शुक्रवारी टायरच्या कारखान्यात उपयोगी पडलं असतं. आता त्याला काही किंमत नव्हती.

संपादकांनी कागद वाचला, घडी घातली आणि खणात टाकला. "हे छापलं तर मागची चौदा वर्षं पण लोक खोटी म्हणतील. छापायचं नाही. आणि पान यापुढे बाहेरच्या एका कंपनीकडून येईल, त्यांचं मशीन काढतं."

"निदान एक ओळ..."

"ताई," संपादक म्हणाले, "तुम्ही निकाल टाइप करा."

त्या वर्षीचं पान मशीननं काढलं. ते बरं होतं. कुणाला फरक कळला नाही, आणि हे ताईंना फार लागलं. त्या निकाल टाइप करत राहिल्या. वह्यांमध्ये नोंद करणं मात्र त्यांनी सोडलं नाही.

हिवाळ्यात एकदा त्यांचा फोन वाजला आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी हातातलं काम सोडलं. भाऊ होता. दूरच्या एका गावातला संघ, दोन पायऱ्या खालच्या लीगमधला, कोच मागत होता. त्यानं एवढंच विचारलं, "कितवे येतील?"

ताई म्हणाल्या, "अर्धा तास दे." त्या वह्यांवर वाकल्या.  मी पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं. बरोबर अर्ध्या तासानं त्यांनीच फोन लावला.

"खालून दुसरे," त्या म्हणाल्या. डोळे मिटलेले होते. "तू गेलास तरी. कोण गेलं तरी."

 पलीकडून "बरं," आणि फोन बंद.

तो गेला तिकडे. संघ शेवटचा आला, ताईंनी सांगितलं होतं त्याहून एक पायरी खाली. तरी त्याला ठेवला, कारण तिथे यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. बायको-पोरगी इथेच राहिली. पोरीची शाळा बदलली नाही.

महिन्यातून एका रविवारी तो येतो आणि ताईंकडे जेवतो. पुढे मी ती नोकरी सोडली, पण ताईंकडे जाणं-येणं आहे. असाच एका रविवारी गेलो तर दोघं समोरासमोर जेवत होते. तो पोरीच्या परीक्षेचं सांगत होता, त्या गुडघ्यांच्या औषधाचं सांगत होत्या.  फुटबॉलचा शब्द नाही. तो हात धुऊन गाडी पकडायला गेला.

मी म्हणालो, "येतो हे तरी बरं झालं ताई."

त्या ताटं उचलत होत्या. "येतो रे. पण आम्हाला दोघांना बोलायला दुसरं काही नव्हतंच कधी. औषध सांगून संपतं ना पाच मिनिटांत."